बंद पाकीट, उघडा फोन

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. अशा गावातल्या बाईला गर्भपात करायची वेळ आली, तर तिच्यापुढचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो, पैशाचाही नसतो. कुणाला कळेल, हा असतो. एसटीत शेजारी बसलेली बाई माहेरच्या ओळखीतली निघते, मेडिकलवाला दिराचा मित्र असतो आणि हातातला फोन अख्ख्या घराचा असतो. गर्भपात भारतात १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींत कायदेशीर आहे. पण किती आठवड्यांपर्यंत, किती डॉक्टरांच्या मताने, अविवाहितेचं काय, अठराच्या आतल्या मुलीचं काय, यावर अगदी परवापर्यंत कोर्टात वाद झाले. आपण कायद्यात बसतो की नाही हेच जिला माहीत नाही, ती आधी लपायला बघते.

लपावं की नोंद व्हावी? खालचा संवाद या प्रश्नावरचा आहे. आत्या निवृत्त आरोग्य सेविका आहे, सगळी नोकरी गावोगावच्या उपकेंद्रांत गेलेली. भाची वाशीमला वकिली करते. दोघी कल्पित आहेत. कायदे, निकाल आणि सनावळ्या खऱ्या.

आत्या : तू बचत गटाच्या बायकांना फोन साफ करायला शिकवलंस म्हणे. काय शोधलं ते पुसा, कुठे गेलो ते पुसा. मला नाही पटलं ते. मी जन्मभर उलटं सांगत आले : लपवू नका, बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. नोंदलेल्या बाईचं रक्त तपासलं जातं, बीपी कळतं, धोका आधी दिसतो. जी लपते, तिला रात्री दोन वाजता जीपमध्ये टाकून आणतात.

भाची : नोंद व्हावी, आत्या. पण ती कुठे जाते, कोण वाचतं, हे त्या बाईला कुणी सांगतं का? तुझं रजिस्टर कपाटात असायचं. आता तेच नाव सरकारी पोर्टलवर चढतं, सोबत मोबाईल नंबर. नंबर कुणाचा असतो?

आत्या : नवऱ्याचा. नाहीतर सासऱ्याचा. बाईजवळ तिचा स्वतःचा फोन किती घरांत असतो?

भाची : मग बघ. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा आहे. गरोदर बाई पोर्टलवर नोंदली की चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत त्या नंबरवर आपोआप फोन येतात, एकूण ७२ संदेश. २०२४ पासून महाराष्ट्रातही सुरू आहे. सेवा चांगली आहे. पण जिचा गर्भ पडला किंवा पाडावा लागला, तिची नोंद वेळेवर बदलली नाही, तर बाळाच्या वाढीचा फोन येतच राहणार. आणि तो उचलणार सासरा.

आत्या : म्हणजे नोंद बदलायला हवी. नोंदच नको, असं त्यातून कसं निघतं? अन् गोपनीयतेचं म्हणशील तर ती मला शिकवू नको. तुमचे पासवर्ड यायच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे त्याची रीत होती. बाईने संमतीच्या कागदावर सही केली की तो कागद पाकिटात. पाकीट बंद, वर 'गुप्त' असा शेरा. नाव लिहायचं फक्त प्रवेश रजिस्टरात. केसपेपरवर नाही, ऑपरेशन थिएटरच्या वहीत नाही, पुढच्या तपासणीच्या कार्डावरही नाही. तिथे फक्त अनुक्रमांक आणि साल. सात, तिरपी रेघ, दोन हजार आठ. त्या इमारतीत ती बाई तेवढीच. ड्रेसिंग करणाऱ्यालाही नाव कळायचं कारण नाही. रजिस्टर पाच वर्षं जपायचं आणि कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही. २००३ च्या विनियमांत हे सगळं शब्दात लिहिलेलं आहे.

भाची : आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याला धार आली. कलम ५अ. गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरने अधिकार नसलेल्या माणसाला सांगितलं, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कागदाच्या बाजूने कायदा खरंच नीट विचार करून केलेला आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, सासूची लागत नाही. गर्भपाताच्या कायद्यात आधार कार्डाची अट कुठेच नाही. नवऱ्याच्या संमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये तिथेही तेच ठरलं : निर्णय बाईचा.

आत्या : तरी दवाखान्यात विचारतातच. 'मिस्टर कुठे आहेत? त्यांची सही आणा.'

भाची : विचारतात. आणि बाई घाबरून परत जाते, कारण ही सही कायद्याने मागितलेली नाही हे तिला माहीत नसतं. पण माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. तुझं पाकीट बंद होतं तोवर ती बाई पाच ठिकाणी उघडी पडलेली असते. कशी ते सांगते. तिचा फोन तालुक्याच्या दुकानातून घेतलेला. जीमेल उघडून दिलं दुकानदाराने, पासवर्डही त्यानेच ठरवला. तेच जीमेल पोराने गेमसाठी स्वतःच्या फोनवर टाकलंय. पाळी चुकली म्हणून आई गुगलवर काहीतरी शोधते, आणि तो शोध पोराच्या फोनवरही दिसतो. मेडिकलमध्ये तपासणीची पट्टी घेते, पैसे डेबिट कार्डाने देते. लाडकी बहीण योजनेचे पैसे येतात तेच खातं. खातं तिचं, पण त्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा. त्याला मेसेज जातो आणि पुढे पासबुकातही दुकानाचं नाव छापून येतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टचा ती फोटो काढते, तो आपोआप क्लाउडवर चढतो आणि त्या जीमेलच्या प्रत्येक फोनवर उतरतो. कधीतरी दिराने तिचं व्हॉट्सअॅप त्याच्या लॅपटॉपला जोडलेलं असतं. ते जोडलेलं राहिलंय हे तिला ठाऊकही नसतं. ती वाशीमला कुठे थांबली, किती वेळ थांबली, हेही फोनने टिपलेलं. यात कुणी चोर नाही, आत्या. कुणी काही फोडलं नाही. फोन रोजचंच काम करत होता.

आत्या : बाप्पा! मग काय, फोन घरी ठेवून जायचं तिने?

भाची : काहीजण तसं सांगतात.

आत्या : ते मी होऊ देणार नाही. परतीच्या गाडीत रक्तस्राव वाढला, चक्कर आली, तर ती काय करेल? १०८ ला फोन कशावरून करेल? तुझ्या शिकवणीत जीव कुठे बसतो ते सांग.

भाची : म्हणूनच मी फोन घरी ठेवायला सांगत नाही. लोकेशनची नोंद बंद करा, पण फोन सोबत ठेवा, चार्ज करून ठेवा. आरोग्याचं काही शोधायचं असेल तर घरच्या सामायिक खात्यातून शोधू नका. व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा, अनोळखी काही जोडलेलं असेल तर काढून टाका. जमेल तिथे रोख द्या. रिपोर्टचा कागद जपा, फोटो काढू नका. एका विश्वासाच्या माणसाला सांगा, पाचांना नाही. आणि जो माणूस फोन हातात घेऊन तपासतो, मारतो, त्याच्यासमोर सगळं एकदम पुसू नका. कोरा फोन पाहूनही संशय येतो. एवढंच सांगते.

आत्या : एवढंच सांगतेस, पण ऐकणारी त्यातून वेगळंच उचलते. तिला वाटतं, दवाखानाच टाळावा. कुणाकडून तरी गोळ्या आणाव्यात आणि घरात बसून घ्याव्यात. मग नोंद नाही, पाकीट नाही, विचारपूस नाही. त्या गोळ्या वाईट नाहीत, हे मीही सांगते. डॉक्टरच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत त्या चालतात, नियमातच बसतात. पण किती आठवडे झाले हे आधी कळायला हवं. गर्भ नळीत अडकलेला असला तर गोळी घेऊन काही होत नाही, नळी फुटते आणि बाई पोटातल्या रक्तस्रावाने जाते. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन काय असतं ते मला विचार. तासाला दोन पॅड भिजतायत, असे दोन तास गेले, ताप चढला, पोटात असह्य दुखतंय, तर घरी थांबायचंच नाही. हे सगळं फोन पुसण्याच्या आधी सांगायचं असतं.

भाची : मान्य आहे. आणि कायद्यानेही घरची वाट तिला धोक्याचीच आहे. १९७१ चा कायदा बाईला थेट हक्क देत नाही. अटी पाळून गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला तो गुन्ह्यातून सूट देतो. त्या चौकटीबाहेर जे घडतं त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ लागतं. आधी भारतीय दंड विधानात ते ३१२ होतं. त्यात स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा येते. म्हणजे दवाखान्यातली बाई कायद्याच्या आत, आणि घाबरून घरी गोळी घेणारी तीच बाई बाहेर.

आत्या : अन् अर्धवट पडलेलं घेऊन ती आमच्याकडे आली तर? पोलीस बोलावतील या भीतीने काय घेतलं ते सांगतच नाही. उपचार करणाऱ्याला अंदाजाने चालावं लागतं.

भाची : सज्ञान बाईचा अर्धवट गर्भपात म्हणजे आपोआप पोलीस केस नव्हे. डॉक्टरने तिला आधी हे सांगावं, मग विचारावं. ती खरं बोलेल.

आत्या : ठीक. आता माझा प्रश्न. ही सगळी गुप्तता गेल्या तीस वर्षांत सर्वात जास्त कुणी वापरली? मुलगी नको असलेल्यांनी. शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३. २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. बंद खोलीत डॉक्टर हळूच सांगायचा आणि बाहेर पेढे की जिलेबी ते ठरायचं. तिथे नोंदीने, नजरेनेच काम केलं. कोल्हापूरला लक्ष्मीकांत देशमुख कलेक्टर असताना सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडला होता. काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, सगळं साठायचं. गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा तपशील भरायचे एफ फॉर्म ऑनलाइन केले. तिथे २००१ ला ८३९ मुली होत्या, २०११ ला ८६३ झाल्या.

भाची : त्याविरुद्ध रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. पेशंटच्या खासगीपणाचा मुद्दा त्यांनी मांडला. २०११ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. घटत्या मुलींचा प्रश्न मोठा मानला. त्या निकालाशी माझं भांडण नाही. नजर मशीनवर आणि डॉक्टरवर असावी. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. ती नजर सरकत सरकत बाईवर येते. दोन मुली असलेली बाई तिसऱ्यांदा गरोदर राहिली, आणि तिला खरंच मूल नको असलं, तरी ती संशयित. २०१२ नंतर औषध प्रशासनाने दुकानं तपासायचा सपाटा लावला, तेव्हा बऱ्याच दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. आता तूच सांग : गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत लिंग किती आठवड्यांनी दिसतं?

आत्या : बारा-तेराच्या आत खात्रीने नाही सांगता येत.

भाची : मग गोळ्यांवर पाळत ठेवून मुली वाचल्या कशा म्हणायच्या? बंद झाली ती डॉक्टरच्या चिठ्ठीने गोळ्या घेऊन सुरक्षित सुटू शकणाऱ्या बाईची वाट.

आत्या : गोळ्यांचं तुझं खरं आहे. पण बेकायदा गर्भपाताची प्रकरणं आठव. परळी, २०१२. म्हैसाळ आठव, २०१७, ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले होते. दोन्हीकडे बाई मेली तेव्हा जगाला कळलं. तिथे गुप्तता होती म्हणून तर वर्षानुवर्षं धंदा चालला.

भाची : मी तीच दोन प्रकरणं उलटी वाचते. रजिस्टर, फॉर्म, समित्या सगळं कागदावर होतं. त्याने डॉक्टर सापडला नाही; बाईच्या मरणाने सापडला. म्हणजे नोंदीचं ओझं प्रामाणिक दवाखान्यांवर पडलं, आणि चोर दवाखाना नोंदीबाहेरच राहिला.

आत्या : त्यावर उपाय नोंद वाढवणं हाच. इथे आपलं जमणार नाही.

भाची : नको जमू दे. मी नावाबद्दल बोलते. २००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहता उच्च न्यायालयात गेल्या. पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष होता, मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची, आणि त्यांचे चोवीस होऊन गेले होते. त्यांचे डॉक्टर निखिल दातार सोबत होते. कोर्टाने ४ ऑगस्टला परवानगी नाकारली. काही दिवसांत गर्भ आपोआप पडला. या सगळ्या काळात त्यांचं नाव देशातल्या प्रत्येक वाहिनीवर होतं. २०१६ मध्ये मुंबईचीच एक बाई चोवीस आठवड्यांवर सर्वोच्च न्यायालयात गेली, बाळाच्या डोक्याची कवटीच नीट झालेली नव्हती. तिला परवानगी मिळाली. तिचं नाव? 'एक्स'. २९ सप्टेंबर २०२२ चा मोठा निकाल, ज्याने अविवाहितेलाही वीस ते चोवीस आठवड्यांचा दरवाजा उघडला, तोही 'एक्स' नावाचाच. मधल्या काळात, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णयही त्यात येतो, असं त्या निकालात आहे.

आत्या : पण निकेता नाव घेऊन उभी राहिली म्हणून तर घराघरांत चर्चा झाली. २०२१ ला मर्यादा वाढली, गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने चोवीसच्या पुढेही परवानगी आली, त्याची सुरुवात तिथून आहे. नाव लपवलं असतं तर कायदा हलला असता का?

भाची : कदाचित नसता. पण ते नाव त्यांनी दिलं होतं. किन्हीराजातल्या बाईचं नाव दुसरा कुणीतरी देतो. पहिलीला त्याचा मान मिळाला, दुसरीला घराबाहेर काढतील. तुला तुझ्या शेजारचं सांगू? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं, ते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यानंतर. तान्ह्या मुलाला मारल्याबद्दल तिला फाशी सुनावली होती, ती नंतर कमी झाली. तिचं नाव वर्तमानपत्रांत गाजलं, आजही इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्या पोराच्या बापाचं नाव कुणी सांगतं का?

आत्या : नाही. पण त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी जोतिराव फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी काय केलं तेही सांग. १८६३ ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. काशीबाई नावाची विधवा तिथे आली, तिचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला. ती गुप्तता बाईला एकटं सोडणारी नव्हती. दाराच्या आत सावित्रीबाई होत्या. मला हवी आहे ती गुप्तता ही. तू शिकवतेस त्यात बाई एकटी फोन घेऊन कोपऱ्यात बसते.

भाची : हे तू बरोबर पकडलंस. बाई एकटी पडायला नको. पण त्या घरात येणारीला भीती नव्हती की आतलं कुणी बाहेर सांगेल. आज ती भीती आहे, आणि तिला कारणंही आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने कित्येक दिवस ठप्प होती. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटमध्ये मोबाईल नंबर टाकला की कोविडची लस घेतलेल्या माणसाचा तपशील निघत होता. अमेरिकेत तर जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षणच काढलं. त्याच सुमारास नेब्रास्का राज्यात एका आई-मुलीचे फेसबुकवरचे आपसातले निरोप पोलिसांनी वॉरंट बजावून कंपनीकडून घेतले. त्या निरोपांत गोळ्यांचं बोलणं होतं. आईला दोन वर्षांची शिक्षा झाली. आज कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून साठवलेलं उद्या आपल्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं.

आत्या : आपल्याकडे नवा कायदा आला ना, माहितीच्या संरक्षणाचा?

भाची : ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातली मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. दंड अडीचशे कोटींपर्यंत. पण २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती, नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग नाही. पाळी चुकल्याची माहिती आणि पिझ्झाची ऑर्डर एकाच रांगेत. सरकारला आणि गुन्ह्याच्या तपासाला सवलती आहेत त्या वेगळ्याच.

आत्या : तपासाचं निघालं म्हणून विचारते. चौदा वर्षांची मुलगी गरोदर म्हणून आणली, तर तिथेही नाव लपवायचं? मी ते सहन करणार नाही. तिच्याशी काय झालं, कुणी केलं, हे पोलिसांना कळलंच पाहिजे. बऱ्याचदा तो घरातलाच असतो.

भाची : कळलंच पाहिजे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम १९ तेच सांगतं. माहिती दिली नाही तर शिक्षा आहे. पण त्याच कायद्यात साडेसतरा वर्षांची मुलगीही येते, जी वर्गातल्या मुलासोबत राजीखुशीने गेली होती. तिच्या आईला दवाखाना हवा असतो, पोलीस ठाणं नको असतं. नाव नोंदवलं जाईल म्हटल्यावर ती मुलीला भोंदूकडे नेते. २०२२ च्या निकालाने यावर वाट काढली : डॉक्टर पोलिसांना कळवेल, पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर तिचं नाव, ओळख सांगणार नाही. तरी पोलीस नावाचा आग्रह धरतात, म्हणून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला हीच गोष्ट पुन्हा बजावावी लागली.

आत्या : आणि पालकच गुन्हेगार असला तर? 'नाव सांगू नका' अशी विनंती तोच करेल. नावाशिवाय तपास कसा होणार?

भाची : तिथे त्या निकालात फट आहे. मी ती नाकारत नाही. अशा वेळी बालकल्याण समितीला मध्ये आणावं लागतं. पालकांना बाहेर ठेवून मुलीशी एकटीशी बोलावं लागतं.

आत्या : एकटीशी बोलायला खोली लागते. उपकेंद्रात एकच खोली असते, अन् दारात पंधराजणी रांगेत. फोनचं कुलूप लावशील, पण तिथे पडदा नाही. 'किती महिने झाले गं?' हे नर्स मोठ्याने विचारते आणि बाहेरची रांग ऐकते. तुझं गुगल राहू दे, पहिली गळती ती आहे.

भाची : हे माझ्या यादीत नव्हतं.

आत्या : घाल मग. अजून एक घाल. नोंदणी करताना मोबाईल नंबर विचारतात, तिथेच पुढे विचारायचं : 'या नंबरवर आमचा फोन आला तर चालेल का? दुसरं कुणी उचलेल का?' एवढा एक प्रश्न. नको म्हणाली तर शेरा मारायचा, फोन करायचा नाही, आशाताईने प्रत्यक्ष भेटायचं. गर्भ राहिला नाही की त्याच दिवशी पोर्टलवरची नोंद बदलायची. याला ना नवा कायदा लागतो, ना पैसा.

भाची : आणि मी बचत गटात पहिलं वाक्य वेगळं सांगेन : काय लपवायचं ते फोनपासून, घरच्या माणसांपासून लपवा. डॉक्टरपासून काही लपवू नका. किती आठवडे, कुठली गोळी, कधी घेतली, सगळं सांगा. कारण कायद्याने अधिकार नसलेल्या कुणाला तो तुमचं नाव सांगू शकत नाही. सांगितलं तर कलम ५अ आहे, आणि ते वापरायला मी वाशीममध्ये बसलेय.

आत्या : ते कलम दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावा म्हणावं. लिंग तपासणी केली जात नाही, ही पाटी प्रत्येक भिंतीवर आहे. तुमचं नाव कुणाला सांगितलं जाणार नाही, नवऱ्याची सही लागत नाही, ही पाटी मी एकाही भिंतीवर पाहिली नाही. बाईला धाक दाखवणारं सगळं लिहिलं जातं, धीर देणारं नाही.

भाची : मग एफ फॉर्म ऑनलाइन असावा की नाही, त्यावर?

आत्या : असावाच. त्यावर मी हटणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीचं नाव झाकायलाही माझं मन तयार नाही. पण बाकीच्यांचं पाकीट बंद राहिलं पाहिजे, फोनवरचं आणि कपाटातलं दोन्ही. पुढच्या बैठकीला मीही येते. तू फोनचं सांग, मी दवाखान्याचं सांगते. फक्त क्रम माझा : आधी दवाखाना, मग फोन.